कुंजीरमामांचा गुरुवार

कुंजीरमामांइतका वाईट बँजो वाजवणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि आता पाहायला मिळेल अशी आशाही उरलेली नाही. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाहीये. त्यांच्या तोंडावर कितीदा तरी बोलले आहे. त्यावर ते शांतपणे मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरोबर हाय, ताई. तुमचा रिपोर्ट बरोबर हाय." आणि पुढच्या गुरुवारी तेच गाणं, त्याच ठिकाणी, अगदी तसंच चुकवायचे.

बँजो म्हणजे आपल्याकडे वरातीत वाजतो तो, टाईपरायटरसारखी बटणं असलेला. मामांचा लाकडी पेटीतला होता, जुन्या बाजारातून आणलेला. त्याची दोन बटणं गायब होती, ती त्यांनी लोखंडाची करून बसवली होती. त्यामुळे त्या दोन सुरांना एक ठणका यायचा. मामांच्या मते बँजोत तेवढेच दोन सूर मजबूत होते.

हे सगळं चालायचं ते हडपसरहून मांजरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या 'हॉटेल मळा' या परमिट रूममध्ये. मालक घुले अण्णा. नाव मळा का, तर तिथे खरोखरच त्यांचा उसाचा मळा होता. आजूबाजूच्या जमिनी बिल्डरांकडे गेल्या, काचेच्या इमारती उठल्या, त्यांत आम्ही कॉम्प्युटरवाले येऊन बसलो. अण्णांनी रस्त्याकडेचा एक तुकडा राखला आणि त्यावर बार काढला. कुणी नाक मुरडलं तर म्हणायचे, "आधी ऊस इकत व्हतो, आता त्याचाच अर्क इकतो. धंदा काय बदलला न्हाई आपला."

बार उत्तम चालायचा, फक्त गुरुवार सोडून. गुरुवारी आमच्या भागातल्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी, म्हणजे गिऱ्हाईक मोकळं. पण त्याच गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांचा गुरुवारी 'वार' असायचा, कुणाचा दत्ताचा, कुणाचा साईबाबांचा. वार म्हटला की मटण नाही, अंडं नाही आणि दारूचा तर वासही नाही. अण्णा गुरुवारी गल्ल्यावर बसून माश्या मारायचे. त्यांचा मुलगा नीलेश तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजात होता. त्याने कोरेगाव पार्कातल्या कुठल्याशा बारमध्ये 'ओपन जॅम' नावाचा प्रकार पाहिला. एक माईक, चार वाद्यं, आणि ज्याला वाटेल त्याने उठायचं, गायचं, वाजवायचं. त्याने बापाला गळ घातली. बियरच्या क्रेटवर प्लायवूड टाकून स्टेज झालं, जुना ड्रम सेट आला, कीबोर्ड आला, आणि बाहेर बोर्ड लागला.

त्या बोर्डानेच घोटाळा केला. रंगाऱ्याने 'जॅम'च्या डोक्यावरची चंद्रकोर गाळली, आणि पाटीवर राहिलं, 'दर गुरुवारी सायंकाळी ओपन जाम'. काही जण फुकट दारू मिळणार म्हणून आले आणि चिडून गेले. एका रिक्षावाल्याने आत येऊन विचारलं की दर गुरुवारी इथे ट्रॅफिक जाम होणार आहे का, तसं असेल तर तो दुसऱ्या रस्त्याने जाईल. कुंजीरमामा लोणी काळभोरचे, अण्णांच्या ओळखीचे. त्यांना अण्णांनी रस्त्यात गाठून सांगितलं होतं, "गुरुवारी जाम हाय आपल्याकडं, या." मामा आले ते तेलाची बुधली, दोन पाने आणि एक हातोडी घेऊन.

"काय जाम झालंय? शटर का मोटर?" त्यांनी दारातूनच विचारलं.

नीलेशने त्यांना समजावलं की इथे कुणीही यायचं, काहीही म्हणायचं, वाजवायचं, निवड वगैरे काही नाही.

"म्हंजी चेकिंग न्हाई?"

"नाही, मामा."

"कुनीच तपासत न्हाई?"

"नाही हो."

मामा पाना हातात धरून खुर्चीवर बसले ते कार्यक्रम संपेपर्यंत उठले नाहीत. पुढच्या गुरुवारी बँजो घेऊन आले. हा प्रसंग मी पाहिलेला नाही. पण अण्णांनी तो इतक्या वेळा सांगितला आहे की तेलाच्या बुधलीचा वासही मला आठवतो.

चेकिंग नाही या गोष्टीचं त्यांना एवढं अप्रूप का वाटलं, ते कळायला त्यांची नोकरी सांगायला हवी. मामा पाण्याच्या पंपांच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून पार्ट निघाला की तो त्यांच्या टेबलावर यायचा. मापात असला तर त्यावर हिरव्या रंगाचा ठिपका, नसला तर लाल. टेबलावर दोन डब्या आणि दोन ब्रश. लाल ठिपका लागला की माल कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात जायचा आणि ज्या ऑपरेटरने तो केला त्याला बोलणी बसायची. असे कित्येक वर्षं त्यांनी लोकांच्या कामाला लाल ठिपके लावले होते. रंग नखांत कायमचा बसला होता, एका बोटाला लाल, एकाला हिरवा. ओळख झाल्यावर हात पुढे करून ते स्वतःच दाखवायचे, "हे माझं आयकार्ड."

मी मूळची अमरावतीची. पुण्यात आले तेव्हा मला पुण्याची अजिबात सवय नव्हती. दुकानदाराला काही विचारलं की तो आधी माझ्याकडे बघायचा, मग भिंतीवरच्या पाटीकडे. घरमालकीणबाई 'आपण आपण' करत असं काही झोंबणारं बोलायच्या की तेवढ्या वेळात आमच्याकडे भांडण होऊन मिटलंही असतं. ऑफिसातही माझं कुणाशी फारसं जमत नव्हतं, कारण मी टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका काढणं हे माझं काम. दिवसभर चुका काढणाऱ्या बाईला संध्याकाळी चहाला कोण बोलावणार? एका गुरुवारी ऑफिसातलं टोळकं 'मळा'त निघालं, आणि मी शेजारीच उभी असल्यामुळे नाइलाजाने मलाही घेतलं.

मामांनी नोकरी विचारली. मी सांगितली. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजी तुमी बी इन्स्पेक्शनच्याच की!" ते म्हणाले. "डबा एकटीच खाता का?"

मी मानेनेच हो म्हटलं. शेंगदाण्यांची बशी त्यांनी माझ्याकडे सरकवली. पुण्यात आल्यापासून मला इतकं बरं कुठे वाटलं नव्हतं, हे मी आज सरळ सांगून टाकते.

'मळा'तल्या गुरुवारी कुणाचा नंबर कधी लावायचा हे मामा ठरवायचे. त्यांना तो अधिकार कुणी दिला होता, ते विचारण्यात अर्थ नव्हता. नियम एकच होता: जो जास्त घाबरलाय, त्याचा नंबर आधी. आत आल्यापासून ते टेबलांमधून हिंडायचे आणि लोकांचे हात बघायचे. कुणी ग्लासवरचं पाणी पुसत बसलंय, कुणी कागदी रुमालाच्या घड्या घालतंय, असा माणूस दिसला की खांद्यावर हात ठेवायचे. "चला. उठा. जितकं बसाल तितकं गाणं आत कुजतं." मग त्या माणसाची सुटका नसायची. दोन गाणी मिळायची, जास्त नाही. मधेच कुणाला थांबवायचं नाही आणि गाणं चालू असताना कुणी उठून जायचं नाही. मोरीवरून परतलेला माणूससुद्धा कडवं संपेपर्यंत दारात उभा राहायचा.

माझा नंबर त्यांनी त्याच दिवशी लावला. मी घाबरून माझ्या मूळ बोलीवर आले. "मले नाही जमत, मामा!"

"मले?" मामांनी कौतुकाने विचारलं. "हे मले काय असतं? हे माईकवर म्हना, लोकांना आवडंल."

मी आईची एक जुनी ओवी म्हटली, कारण दुसरं काही पाठ नव्हतं. आवाज इतका थरथरत होता की कीबोर्डवाल्याला सूर सापडेना. खाली उतरल्यावर मामांना विचारलं, कसं झालं. ते म्हणाले, "झालं ना? बस्स." एवढंच. पण पुढच्या गुरुवारी मी ऑफिसातल्या टोळक्याची वाट न बघता एकटीच गेले.

एक बँकेतले गृहस्थ यायचे, दाते. त्यांना लोकांकडे बघून गाता येत नसे. पहिल्यांदा स्टेजवर चढले आणि सरळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. लोक हसायला लागले. मामा उठले, माईकचा स्टँड उचलला, दात्यांना वळसा घालून भिंतीच्या बाजूला नेऊन ठेवला आणि परत येऊन बसले. पुढे कित्येक गुरुवार दाते भिंतीलाच गाणं ऐकवत होते आणि आम्ही त्यांची पाठ ऐकत होतो. आम्हाला ती पाठ आवडायला लागली.

एकदा एक जण भारी गिटार घेऊन आला. वाजवायचा खरंच छान. पण दुसरं कुणी गायला लागलं की मान हलवायचा, शेजाऱ्याच्या कानात चुका सांगायचा. मामा त्याच्या टेबलाशी जाऊन अदबीने वाकले.

"साहेब, आपण कुठल्या कंपनीत इन्स्पेक्टर?"

"मी? नाही, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"मग रिजेक्शन कशापायी करता? ते काम माझं हाय, आन् मला त्याचा पगार मिळतो. हितं मी बी करत न्हाई. सुट्टी हाय माझी."

तो गिटारवाला पुढे आमच्यातलाच झाला. माझ्यासारख्या बेसूर बाईला साथ करताना त्याची तारांबळ उडायची आणि तो ती आनंदाने उडू द्यायचा.

मामांची दुसरी बाजू मला भगतमुळे दिसली. भगत त्यांच्याच कारखान्यात ऑपरेटर होता, यवतमाळकडचा, अंगाने धिप्पाड. एका गुरुवारी तो आत आला तोच लाल डोळे करून. त्याचा काही वार नव्हता. त्या आठवड्यात मामांनी त्याची अख्खी ट्रॉली लाल केली होती. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "हा माणूस कोण आहे माहीत आहे का तुम्हाले? सख्ख्या मेव्हण्याचा माल रिजेक्ट केला यानं. कँटीनमध्ये याच्या टेबलावर कोणी बसत नाही. आन् इथं देव होऊन बसला!"

अण्णा गल्ल्यावरून उठले. मामा मात्र जागचे हलले नाहीत. "समदं खरं हाय," ते म्हणाले. "मेव्हण्याचा माल दोन सूत कमी व्हता. तुझा बी कमीच व्हता. उद्या परत कमी आला तर परत लाल लावीन. पंप कुनाच्या तरी हिरीवर बसायचा असतो, भगत. तितं दत्ताचं नाव घेऊन पानी येत न्हाई." मग म्हणाले, "पर तुझे हात लई थरथरत्यात. तुझा नंबर लावतो."

शिव्या देण्याच्या तयारीने आलेल्या माणसाच्या हातात माईक आला. भगतने त्यांच्या गावाकडचं, ढोरं वळताना म्हणायचं एक गाणं म्हटलं. अख्ख्या 'मळा'त ते कळणारी मी एकटीच होते, आणि मी रडले. मामांनी दुसऱ्या दिवशी भगतच्या मालाला काय लावलं ते मला माहीत नाही. भगत मात्र दर गुरुवारी येऊ लागला, आणि मामांच्याच टेबलावर बसू लागला.

आता मामांच्या स्वतःच्या वाजवण्याविषयी. ते नेहमी शेवटी वाजवायचे, कारण ते कुणालाही घाबरत नव्हते. एका जुन्या सिनेमातलं गाणं, आणि मग परत तेच. अंतऱ्यात एक जागा होती, तिथे बोटं तीन बटणं ओलांडून पलीकडे जायला हवी. मामांची बोटं दर वेळी मधल्या लोखंडी बटणावर आपटायची आणि ठण्ण असा आवाज यायचा. आम्ही त्या जागेला 'खड्डा' म्हणायचो. ती जवळ आली की सगळा 'मळा' श्वास रोखायचा, आणि ठण्ण झालं की एकच जल्लोष. एकदा कशी कोण जाणे, बोटं पलीकडे बरोबर जाऊन पडली. खड्डा पार! मामा स्वतःच इतके दचकले की वाजवायचे थांबले आणि आमच्याकडे संशयाने बघायला लागले, जणू आम्हीच काहीतरी केलं होतं. "माप चुकलं," असं पुटपुटून त्यांनी गाणं पहिल्यापासून सुरू केलं आणि खड्ड्यात व्यवस्थित पडले.

हे असं चालू राहिलं असतं. पण 'मळा' म्हणजे शेवटी बार होता, आणि गुरुवारी तिथे खुर्ची मिळेनाशी झाली तरी गल्ला रिकामाच राहू लागला. येणाऱ्यांत निम्म्यांचा वार, ते लिंबू सोडा पिणार. बाकीचे त्यांच्याकडे बघून संकोचाने एखादी बियर चौघांत घेणार. मामा स्वतः चहा आणि शेंगदाणे यापुढे कधी गेले नाहीत. नीलेशचं तोवर शिक्षण झालं होतं आणि धंदा तोच बघत होता. वाईट मुलगा नव्हता, हे मुद्दाम सांगते. एका गुरुवारी तो मामांच्या टेबलाशी येऊन बसला. मी तिथेच होते.

"मामा, प्रॅक्टिकल बोलतो. बार फुल्ल असतो आणि बिल होत नाही. जॅम शनिवारी नेऊ. शनिवारी आयटीचं पब्लिक येणार, पैसे खर्च करणार. पण मग त्यांना काहीही ऐकवता येणार नाही. क्वालिटी लागेल. थोडं सिलेक्शन करावं लागेल."

"कोन करनार?"

"तुम्ही. तुमच्याशिवाय आहे कोण क्वालिटीतलं? पुढच्या गुरुवारी सगळ्यांना ऐका, चांगले तेवढे ठेवा. तुमचं कुणी वाईट वाटून घेणार नाही. आणि तुमचा नंबर पक्का, मामा. फर्स्ट शिफ्ट असेल त्या शनिवारी या, शेवटचा स्लॉट कायम तुमचा."

मामा बराच वेळ नखं बघत बसले. मग म्हणाले, "बरं. तपासतो."

मला राग आला. भगतला आला, दात्यांनाही आला असावा, पण ते भिंतीकडे बघत होते. ज्या माणसाने आम्हाला हाताला धरून उठवलं, तोच आता आम्हाला बसवणार होता. आठवडाभर मी ऑफिसात सगळ्यांवर डाफरले.

पुढच्या गुरुवारी मामा सुट्टी असूनही कारखान्याच्या निळ्या गणवेशात आले. स्टेजसमोर एक टेबल ओढलं, त्यावर दोन डब्या आणि दोन ब्रश मांडले, आणि बसले. हा चेहरा आम्ही कधी पाहिला नव्हता. कारखान्यात तो कसा दिसत असेल ते तेव्हा कळलं आणि कँटीनमध्ये शेजारी कुणी का बसत नसेल तेही. एकेक जण गेला. गाणं पूर्ण होईपर्यंत मामा पापणीही हलवत नसत. मग म्हणत, "अंगठा." अंगठा पुढे केला की नखावर ठिपका. गिटारवाल्याला हिरवा. मला हिरवा. भगतला हिरवा. दाते भिंतीकडे तोंड करून एक कडवं विसरले, त्यांनाही हिरवा. नीलेश आधी हसत होता. मग हसायचा थांबला.

"मामा, हे काय? सगळेच पास?"

"माल चांगला हाय."

"असं नाही हो चालत. शनिवारी एवढे सगळे बसणार नाहीत. आणि तुम्हीच सांगता ना, ज्या रिपोर्टमध्ये एकही रिजेक्शन नाही तो रिपोर्ट खोटा?"

हे मामा खरंच म्हणायचे. माझ्याही ऑफिसात मी ते वाक्य वापरलं होतं. खोटा रिपोर्ट दिल्याचा आळ त्यांच्यावर आजवर कुणी घेतला नव्हता. मग त्यांनी पेटी उघडून बँजो काढला आणि टेबलावरच ठेवून वाजवायला घेतला. तेच गाणं. खड्डा जवळ आला. आम्ही श्वास रोखला. या वेळी तरी पार होऊ दे, असं मी मनातल्या मनात म्हणाले.

ठण्ण.

या वेळी कुणी जल्लोष केला नाही. मामांनी लाल डबी उघडली, ब्रश बुडवला आणि स्वतःच्या अंगठ्यावर ठिपका लावला.

"हा घे," नीलेशला अंगठा दाखवत ते म्हणाले. "एक रिजेक्ट. आता रिपोर्ट खरा झाला. बाकीचा लॉट पास हाय, तो तू घ्यायचा."

"मामा, अहो असं नका करू. तुमचा नंबर तर मी..."

"मापात बसत न्हाई. समद्यांनी ऐकलंय."

भगत उठून उभा राहिला. "रिजेक्शनवर ऑपरेटरची सही लागते, मामा. मी नाही होऊ देणार."

"ऑपरेटर मीच हाय. केली सही," मामा म्हणाले, आणि बँजो पेटीत ठेवून झाकण लावलं. आम्ही हरप्रकारे विनवण्या केल्या. अण्णा गल्ला सोडून येऊन हाताला धरून बोलले. पण ज्यांनी मेव्हण्याचं ऐकलं नाही ते आमचं काय ऐकणार? आठवडाभर मी त्यांच्यावर उगाच चिडले होते. आता मी शेंगदाण्यांची बशी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी एक दाणा घेतला, चहा संपवला आणि गेले.

नीलेशने शब्द पाळला. जॅम शनिवारवर गेला तरी आमच्यापैकी एकाचाही नंबर त्याने कापला नाही. गर्दी वाढली, गल्ला भरू लागला, रंगाऱ्याकडून नवा बोर्डही आला, चंद्रकोरीसकट. गाणीबजावणी व्हायची, मजाही यायची. फक्त नवीन कुणी घाबरलेला आला तर तो ग्लासवरचं पाणी पुसत बसून राहायचा, आणि मग आमच्यापैकी कुणाला तरी आठवण होऊन उठावं लागायचं. त्या कामाला आम्ही मामांइतके तरबेज नव्हतो. पण करायचो.

पुढे माझी बदली बंगळूरला झाली. जायच्या आधीच्या शनिवारी मी 'मळा'त गेले तेव्हा संध्याकाळ नुकती संपत होती. आत दाते गात होते. वाहनतळावर, दारापासून जरा बाजूला, एक एम-एटी गाडी स्टँडवर लावलेली होती आणि तिला टेकून निळ्या गणवेशात मामा उभे होते. हँडलला जेवणाचा डबा अडकवलेला. ते डोळे मिटून ऐकत होते आणि पायाने ताल धरत होते, अर्थातच चुकीचा.

"मामा! आत चला ना."

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. दात्यांचं कडवं संपल्यावरच बोलले. "सेकंड शिफ्ट हाय. जेवनाच्या सुट्टीत आलोय."

एवढ्यात अण्णा बाहेर आले. "दर शनवारी येतो ह्यो," ते मला म्हणाले. "सेकंडला असला की हितं उभा, डबा तसाच परत नेतो. फर्स्टला असला की घरनं येतो. पर उंबरा काय वलांडत न्हाई. तुमीच सांगा आता."

मी म्हणाले, "मामा, वाजवू नका हवं तर. नुसते बसा. मी उद्या चालले हो."

"रिजेक्ट माल गेटाच्या आत घेत नसत्यात, ताई," ते म्हणाले. चेहऱ्यावर ना राग, ना दुःख. इतक्या वर्षांचा नियम होता आणि तो स्वतःलाही लागू पडला, याचा थोडा अभिमानच होता म्हटलं तरी चालेल. "गेटावर उभं ऱ्हायला काय हरकत न्हाई. समदं ऐकू येतं हितं. तुमी आत जा, तुमचा नंबर जाईल."

मी गेले. आईची ओवी आता सगळ्यांना पाठ झाली होती, गिटारवाला सुराला धरून होता. स्टेजवरून उघड्या दारातून मामा दिसत होते आणि हँडलला लटकलेला डबाही. सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातली किती उरली होती कोण जाणे. गाणं चालू असताना ते जाणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मी जितका वेळ गाईन, तितका वेळ ते उपाशी उभे राहणार होते. माझं शेवटचं कडवं सगळ्यांत लांब होतं आणि मला ते सगळ्यांत आवडायचं. मी ते गाळलं आणि गाणं संपवलं.

टाळ्या वाजल्या. पहिली टाळी बाहेरून आली. मग मामांनी एम-एटीला किक मारली, वळवली, आणि निघता निघता माझ्याकडे बघून मान नाही-नाही अशी हलवली. एका हाताने त्यांनी हवेत एक बोट दाखवलं. एक कडवं कमी होतं.